दंडावरचा पट्टा आणि संकटातले हृदय

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



रक्तदाब मोजण्याचे यंत्र आज पुष्कळशा मध्यमवर्गीय घरांत असते. औषधांच्या डब्याशेजारी, कपाटाच्या कोपऱ्यात ते ठेवलेले असते. त्याच यंत्रासारखा पट्टा दंडावर बांधून पाच मिनिटे करकचून फुगवला, मग पाच मिनिटे सैल सोडला, आणि असे चार वेळा केले, तर झटक्यात सापडलेल्या हृदयाचा काही भाग मरणापासून वाचू शकेल, असे कोणी सांगितले तर ऐकणारा त्याची गणना तोडग्यांतच करील. हृदय छातीत आणि पट्टा दंडावर. दोहोंचा संबंध काय? तथापि गेली तीसहून अधिक वर्षे जगातील नामांकित प्रयोगशाळांनी आणि रुग्णालयांनी या एका प्रश्नावर अपार परिश्रम केले आहेत. त्या परिश्रमांतून शरीराविषयीचे एक विलक्षण सत्य हाती आले आणि त्याच परिश्रमांतून एक मोठी आशा मावळलीही. आजचा विषय या दोन्हींचा आहे. पहिला भाग मोहक आहे म्हणून दुसऱ्याकडे कानाडोळा करणे योग्य होणार नाही.

प्रथम, झटक्याच्या वेळी हृदयात काय घडते ते पाहू. हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते. परंतु स्वतःच्या पोषणासाठी ते आपल्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या हृदयरोहिण्यांवर अवलंबून असते. त्यांपैकी एखादीत रक्ताची गुठळी अडकली की पलीकडच्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. काही क्षणांतच तो स्नायू आकुंचन पावणे सोडून देतो. मात्र तो लगेच मरत नाही. प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या हृदयात साधारण वीस मिनिटांनंतर पेशी कायमच्या नष्ट होऊ लागतात आणि हा मृत्यू आतील थराकडून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकत जातो. रॉबर्ट जेनिंग्ज आणि कीथ रायमर या अमेरिकी संशोधकांनी १९७७ साली या लाटेचे वर्णन केले. आज झटक्याच्या उपचारात वेळेला जे महत्त्व आहे, त्याचा पाया या निरीक्षणात आहे. लाट पलीकडच्या काठाला पोहोचण्यापूर्वी बंद वाहिनी उघडायची, हे त्याचे सार.

वाहिनी उघडली, रक्त आले, म्हणजे संकट टळले असे आपल्याला वाटते. येथेच निसर्गाने एक गाठ मारून ठेवलेली आहे. उन्हाळाभर कोरड्या पडलेल्या पाटात एकदम धरणाचे पाणी सोडले तर भेगाळलेले बांध फुटतात. तसेच काहीसे येथे घडते. प्राणवायूवाचून तगून राहण्याच्या धडपडीत पेशीत आम्ल साचते. ते बाहेर टाकण्यासाठी पेशी सोडियम आत घेते आणि सोडियम कमी करता करता कॅल्शियम आत येऊन साठते. आता रक्त परत आले की काही मिनिटांत आम्ल धुऊन निघते, प्राणवायूचा लोंढा येतो, त्यातून पेशीला जाळणारे उग्र रेणू निर्माण होतात, आणि कॅल्शियमने भारलेला स्नायुतंतू इतक्या जोराने आवळला जातो की तो फाटतो. पेशीतील ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणातील एक दार याच वेळी सताड उघडते. ते उघडले की तंतुकणिका निकामी होतात व पेशी मरते. गंमत अशी की, रक्त तुटलेले असताना साचलेले आम्लच हे दार बंद ठेवत होते. म्हणजे जीवदान देणारे रक्तच येताना काही पेशींचा बळी घेते. वैद्यकात याला पुनराभिसरणाची इजा म्हणतात. प्राण्यांवरील प्रयोगांत अंतिम हानीचा बराच मोठा वाटा या इजेचा असल्याचे दिसून आले आहे.

ही कल्पना पुष्कळ वर्षे वादग्रस्त होती. ज्या पेशी रक्त आल्यावर मेल्या, त्या आधीच मरणपंथाला लागल्या नसतील कशावरून, असा आक्षेप होता. त्याला एक सुंदर उत्तर २००३ साली अमेरिकेतील अटलांटा येथील प्रयोगांनी दिले. कुत्र्यांच्या हृदयाची बंद वाहिनी एकदम न उघडता, अर्धा मिनिट उघडायची, अर्धा मिनिट बंद करायची, असे तीन वेळा करून मग पूर्ण उघडली, तर मेलेला भाग लक्षणीय कमी निघाला. रक्त तुटण्याचा काळ तोच, फक्त येण्याची रीत वेगळी. येणाऱ्या रक्तात काही इजा नसती, तर रीत बदलून फरक पडलाच नसता.

आता मूळ गोष्टीकडे. १९८६ साली ड्यूक विद्यापीठात चार्ल्स मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी एक साधा प्रश्न विचारला. हृदयाचा रक्तपुरवठा थोडा थोडा वेळ पुन्हा पुन्हा तोडला, तर हानीची बेरीज होत जाते काय? सामान्य बुद्धीला वाटेल की होणारच. चार वेळा उपाशी ठेवलेला माणूस पाचव्या उपासाला अधिक लवकर कोसळेल. त्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची एक रोहिणी पाच मिनिटे बंद, पाच मिनिटे खुली, अशी चार वेळा केली आणि नंतर तीच रोहिणी सलग चाळीस मिनिटे बंद ठेवली. निकाल सर्वस्वी उलटा आला. अशी पूर्वतयारी न झालेल्या हृदयात धोक्यातील भागापैकी सुमारे २९ टक्के स्नायू मेला होता. पूर्वतयारी झालेल्या हृदयात केवळ ७ टक्के. छोट्या संकटांनी हृदयाला दुबळे केले नव्हते, मोठ्या संकटासाठी सावध केले होते. त्याच प्रयोगात एक मर्यादाही स्पष्ट झाली होती. रोहिणी चाळीस मिनिटांऐवजी तीन तास बंद ठेवली, तेव्हा हे संरक्षण उरले नाही. पूर्वतयारी मृत्यूला विलंब लावते, त्याला कायमचे परतवीत नाही. पुढे आशेच्या भरात पुष्कळांना या ओळीचा विसर पडला.

जुन्या वैद्यांनी याची चाहूल पूर्वीच घेतली होती असे म्हणता येईल. छातीतील आवळल्यासारख्या वेदनेचे पहिले नेटके वर्णन अठराव्या शतकात विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने केले. रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरून जवळजवळ बरा झालेला एक रुग्ण त्याने नोंदवून ठेवला आहे. पुष्कळ रुग्णांना पहिला चढ चढताना छातीत दुखते आणि थोडे थांबून पुन्हा चालल्यावर तेवढे दुखत नाही, हाही अनुभव दवाखान्यांतून नित्याचा होता. त्यामागे शरीराची काही व्यवस्था असेल, हे मात्र १९८६ पर्यंत कोणी दाखवून दिले नव्हते.

१९९३ साली विषयाने अनपेक्षित वळण घेतले. लॉस एंजेलिस येथे कॅरिन प्रझिक्लेंक, रॉबर्ट क्लोनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या हृदयाच्या एका रोहिणीला चार वेळा पाच-पाच मिनिटांचा ताण दिला, पण नंतर तासभर बंद केली ती दुसरीच रोहिणी. जिच्या क्षेत्राला कसलीही पूर्वतयारी मिळाली नव्हती, त्या भागातही मृत स्नायूचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. एका वाड्यातील संकटाची वार्ता शेजारच्या वाड्यात पोहोचली होती. मग स्वाभाविकच प्रश्न आला, की ही वार्ता किती दूर जाते? १९९६ साली नेदरलँड्समधील रॉटरडॅमच्या संशोधकांनी उंदरांमध्ये आतड्याची रक्तवाहिनी काही वेळ बंद करून पाहिली, तरीही हृदयाचे संरक्षण झाले. पुढच्या वर्षी सशाच्या मागच्या पायाच्या स्नायूवर असाच प्रयोग झाला, तोही यशस्वी ठरला. अखेर २००२ साली राजेश खरबंदा, रेमंड मॅकअ‍ॅलिस्टर, अँड्र्यू रेडिंग्टन आदींनी माणसाच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा फुगवून, पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी, दुसऱ्या हाताच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर इजेपासून वाचते, हे सिद्ध केले. त्याच अभ्यासात डुकरांच्या मागच्या पायाला दिलेल्या अशाच ताणाने त्यांच्या हृदयातील मृत भाग कमी झाला. छाती उघडण्याची गरज नाही, औषध नाही, महागडे यंत्र नाही. एक पट्टा आणि चाळीस मिनिटांचा वेळ, एवढ्यावर काम भागते असे दिसू लागले. वैद्यकीय विश्वात केवढी उमेद निर्माण झाली असेल, याची कल्पना करता येईल.

दंडाचा निरोप हृदयाला कोण पोहोचवतो? येथे दोन वाटा आढळल्या आणि त्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. पहिली वाट मज्जातंतूंची. रॉटरडॅमच्या प्रयोगात मज्जागंड्यांचे कार्य रोखणारे औषध दिल्यावर आतड्याने दिलेले संरक्षण नाहीसे झाले होते. दुसरी वाट रक्ताची. पट्टा फुगवून झालेल्या माणसाचे रक्त काढून, त्यातील द्रव गाळून, शरीराबाहेर धडधडत ठेवलेल्या प्राण्याच्या हृदयातून फिरवला, तर ते दुसऱ्याच जिवाचे हृदयही इजेला अधिक तोंड देते. माणसाच्या दंडाचा निरोप सशाच्या हृदयाला कळतो, म्हणजे तो निरोप किती पुरातन भाषेत लिहिलेला असेल! तसेच डुकरांमध्ये हृदयाचे प्रत्यारोपण करून पाहिले. नव्या हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असूनही, ज्याच्या शरीरात ते बसवले त्याच्या पायाला ताण दिल्यावर ते हृदय वाचले.

या दोन वाटा जोडणारा दुवा मधुमेहींच्या एका अभ्यासात दिसला. मधुमेह असूनही ज्यांच्या मज्जातंतूंना इजा झाली नव्हती, त्यांच्या रक्तातील द्रवाने प्राण्याचे हृदय वाचवले. ज्यांचे मज्जातंतू मधुमेहाने बधिर झाले होते, त्यांचा द्रव निष्प्रभ ठरला. म्हणजे आधी दंडातील मज्जातंतूंनी हाक द्यायची आणि मग तिचे रूपांतर रक्तातील संदेशात व्हायचे, असा क्रम दिसतो. जर्मनीतील एसेन येथील गेर्ड हॉइश यांच्या चमूने या साखळीत प्लीहेलाही स्थान असल्याचे दाखवून दिले. मेंदूकडून येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या आज्ञेने प्लीहा काही द्रव्य रक्तात सोडते. ते द्रव्य नेमके कोणते, यासाठी अनेक उमेदवार पुढे आले. एकावरही एकमत झालेले नाही. संदेश पोहोचल्यावर हृदयाच्या पेशीत काय होते ते अधिक स्पष्ट आहे. पेशीच्या पृष्ठभागापासून आत संरक्षक प्रथिनांची मालिका जागी होते आणि तिचे शेवटचे टोक तंतुकणिकांच्या त्या दारावर येऊन टेकते. रक्त परतण्याच्या पहिल्या काही मिनिटांत ते दार मिटलेले राहिले, की पेशी तगते.

प्रयोगशाळेतून रुग्णालयात येताना अडचण एकच होती. झटका सांगून येत नाही. मग पूर्वतयारी करायची कधी? पहिला मार्ग शस्त्रक्रियेचा, कारण तेथे हृदय थांबवण्याची घटका आधीच ठरलेली असते. २००६ साली कॅनडातील टोरांटो येथे जन्मजात हृदयदोषाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ३७ बालकांवर हा प्रयोग झाला. पायाला पट्टा बांधलेल्या मुलांच्या हृदयाची इजा कमी दिसली. २००७ साली लंडनमध्ये डेरेक हाउसनलॉय, डेरेक येलन आदींनी बायपास शस्त्रक्रियेच्या ५७ रुग्णांत दंडावर पट्टा फुगवला. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन नावाचे प्रथिन रक्तात उतरते. ते या रुग्णांत ४३ टक्क्यांनी कमी आढळले.

दुसरा मार्ग डेन्मार्कमध्ये सापडला आणि तो अधिक कल्पक होता. तेथील आरहूस विद्यापीठाच्या रुग्णालयात हान्स एरिक बॉटकर यांनी विचार केला, की रुग्णवाहिकेतील प्रवासाचा वेळ वाया का जावा? झटका येऊन गेला असला तरी वाहिनी अजून उघडलेली नाही. पुनराभिसरणाची इजा अजून व्हायची आहे. तेव्हा रुग्ण गाडीत असतानाच दंडावर पट्टा बांधायचा, पाच मिनिटांच्या चार फेऱ्या द्यायच्या, आणि रुग्णालयात पोहोचताच अँजिओप्लास्टी करून वाहिनी उघडायची. ३३३ रुग्णांवरील या चाचणीचा निकाल २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. धोक्यातील स्नायूपैकी वाचलेला भाग पट्ट्याविना ५५ टक्के होता, पट्ट्यासह ७५ टक्के. याच रुग्णांचा पुढे जवळजवळ चार वर्षे मागोवा घेतला, तेव्हा मृत्यू, पुन्हा झटका, पक्षाघात अशा मोठ्या आपत्तींचे प्रमाणही सुमारे निम्मे आढळले, २५.६ टक्क्यांच्या जागी १३.५ टक्के. एवढ्यावर एखाद्या उत्साही मंडळाने गावोगाव पट्टे वाटायला सुरुवात केली असती, तर त्याला दोष देणे अवघड होते.

विज्ञानाने तसे केले नाही. तीनशे माणसांत दिसलेली गोष्ट योगायोगाचीही असू शकते. शिवाय ट्रोपोनिन कमी होणे हे साधन आहे. माणूस जगणे, घरी परतणे, पुन्हा दम न लागता जिना चढणे, हे साध्य आहे. साधनाची मोजदाद करून साध्य गाठल्याचा डांगोरा पिटण्याचा मोह सर्वच क्षेत्रांत असतो. म्हणून मोठ्या चाचण्या योजल्या गेल्या, आणि विशेष म्हणजे त्या योजणाऱ्यांत या कल्पनेचे जनकच पुढे होते. ज्यांनी आपली उभी कारकीर्द या पट्ट्याला वाहिली, त्यांनीच तो कसाला लावला.

ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन निकाल एकदम आले. ब्रिटनमध्ये बायपास शस्त्रक्रियेच्या १,६१२ रुग्णांत वर्षभरातील आपत्ती पट्ट्याच्या गटात २६.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २७.७ टक्के होत्या, फरक नगण्य. जर्मनीतील सुमारे चौदाशे रुग्णांत १४.३ आणि १४.६. तरीही आशा पुरती सुटली नव्हती. शस्त्रक्रियेत बहुतेकांना प्रोपोफॉल हे भुलीचे औषध दिले गेले होते आणि ते औषध पट्ट्याचा परिणाम पुसून टाकते, असे एसेनच्या लहान अभ्यासातून आधीच दिसले होते. झटक्याच्या रुग्णाला अशी भूल लागत नाही. तेव्हा खरी कसोटी झटक्याच्या रुग्णांतच लागायची होती.

ती २०१९ साली लागली. ब्रिटन, डेन्मार्क, स्पेन आणि सर्बिया या चार देशांतील ३३ केंद्रांत ५,४०१ रुग्ण. अर्ध्यांना अँजिओप्लास्टीपूर्वी दंडावर पट्ट्याच्या फेऱ्या, अर्ध्यांना नेहमीचेच उपचार. हाउसनलॉय आणि बॉटकर दोघेही या कार्यात अग्रभागी. मोजायचे होते ते अगदी रोकडे, म्हणजे बारा महिन्यांत हृदयविकाराने किती मृत्यू आणि हृदय दुबळे झाल्यामुळे किती जण पुन्हा रुग्णालयात. नेहमीच्या उपचारांत ८.६ टक्के. पट्ट्याच्या गटात ९.४ टक्के. लाभ नाही. जो किंचित फरक दिसतो तो उलट दिशेचा असला तरी योगायोगाच्या मर्यादेतला आहे; म्हणजे पट्ट्याने अपाय केला असेही म्हणता येत नाही. परंतु रुग्णाच्या आयुष्यात त्याने काही बदल घडवला नाही, हे निःसंदिग्ध ठरले. निकाल पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच, नऊ वर्षांपूर्वीच्या त्या उत्साही निकालाच्याच पानांवर, त्याच माणसांच्या नावांनी प्रसिद्ध झाला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या आशेवर अशी रेघ ओढण्याला धैर्य लागते. ज्या समाजात असे निकाल छापले जातात, तेथील औषधांवर विश्वास ठेवायला जागा असते.

मग कुत्र्यांत, डुकरांत, सशांत, उंदरांत इतक्या निरपवादपणे दिसलेली गोष्ट माणसांत का विरून गेली? प्रयोगशाळेतला प्राणी तरुण आणि निरोगी असतो. झटक्याचा रुग्ण बहुधा वयस्क असतो. त्याला मधुमेह असतो, रक्तदाब असतो, आणि वय व मधुमेह दोन्ही हा निरोप मंदावतात. दुसरे असे की, त्याला आधीच जी औषधे दिली जातात, त्यांपैकी रक्तबिंबिका चिकटू न देणारी काही औषधे प्राण्यांत स्वतःच असे संरक्षण देताना आढळली आहेत. भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही. तिसरे कारण या सर्वांहून मोठे आणि एका अर्थी आनंदाचे आहे. चार युरोपीय देशांतील त्या रुग्णांना त्वरित, उत्तम अँजिओप्लास्टी मिळाली. बहुसंख्य रुग्ण आले तेव्हा त्यांचे हृदय निकामी झालेले नव्हते. वाचवण्यासारखे जे होते, ते वेळेवर उघडलेल्या वाहिनीनेच वाचवले होते. पट्ट्याला पराक्रम गाजवायला रणांगणच उरले नाही.

तंतुकणिकांच्या त्या दाराला कुलूप घालण्याचा थेट प्रयत्नही झाला होता, हे येथे सांगायला हवे. सायक्लोस्पोरिन हे औषध ते दार मिटून ठेवते. २०१५ साली ९७० रुग्णांच्या चाचणीत तेही निष्फळ ठरले. तेव्हा दोष एकट्या पट्ट्याचा नव्हता.

मेंदूच्या बाबतीत चित्र थोडे निराळे आहे. चीनमध्ये पक्षाघाताच्या सुमारे १,८०० रुग्णांना दोन्ही दंडांवर पट्ट्याच्या फेऱ्या दिवसातून दोनदा, दहा ते चौदा दिवस दिल्या. तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत हिंडूफिरू लागलेल्यांचे प्रमाण पट्ट्याच्या गटात ६७.४ टक्के व दुसऱ्या गटात ६२ टक्के होते, असा निकाल २०२२ साली आला. मात्र कोणाला पट्टा आहे आणि कोणाला नाही, हे रुग्णांना ठाऊक होते. त्यांना खोटा पट्टा बांधलेला नव्हता. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधील चाचणीत, जेथे खोट्या पट्ट्याशी तुलना होती, लाभ दिसला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. भारतातील ८९ रुग्णालयांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यातील एक आकडा प्रत्येक घरात लिहून ठेवण्याजोगा आहे. छातीत दुखू लागल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यममान काळ ३६० मिनिटे होता. सहा तास! आणि रुग्णालयात पोहोचल्यावर गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला लागलेला मध्यममान वेळ केवळ ५० मिनिटे. विलंब रुग्णालयात कमी आणि घरातच अधिक होता. मृत्यूची ती लाट आतून बाहेर सरकत असताना घरात काय चाललेले असते? आम्लपित्त असेल म्हणून सोडा पाजला जातो. पाठीला बाम चोळला जातो. ‘सकाळपर्यंत बघू’ असे ठरते. बायकांच्या बाबतीत तर दमणूक आणि मळमळ एवढीच लक्षणे असल्यास कोणी विचारही करीत नाही, आणि त्या स्वतःही सांगत नाहीत. हल्ली मोबाइलवर ‘झटका आल्यास जोरजोराने खोकत राहा’ असा संदेश फिरतो. तो निराधार आहे. दंडावर पट्टा बांधण्याची वार्ता अशाच संदेशांच्या रांगेत जाऊन बसू नये, म्हणूनच तिचा शेवट इतक्या विस्ताराने सांगावा लागतो. घरी पट्टा करकचून बांधून चाळीस मिनिटे बसलेला माणूस चाळीस मिनिटांचा स्नायू गमावतो. आरहूसच्या पट्ट्याचे वैशिष्ट्य हेच होते, की तो धावत्या गाडीत बांधला जात होता. त्यासाठी एक मिनिटही थांबवले जात नव्हते.

छातीत मध्यभागी दाब किंवा जळजळ, ती जबड्याकडे, डाव्या हाताकडे वा पाठीकडे सरकणे, त्यासोबत घाम, श्वास कोंडणे, यांपैकी काहीही दहा-पंधरा मिनिटांत शमले नाही तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा मिळेल ते वाहन घेऊन, हृदयाचा आलेख काढण्याची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जायचे. रुग्णाने स्वतः गाडी चालवायची नाही, जिना चढायचा नाही. आलेखात झटका निश्चित झाल्यापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य असेल तर ती. नसेल तर गुठळी विरघळवणारे औषध तेथेच, लगेच, आणि मग मोठ्या केंद्राकडे प्रस्थान. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाने आपल्या भागात हे औषध कोणत्या रुग्णालयात रात्री मिळते, याची चौकशी प्रकृती ठणठणीत असतानाच करून ठेवावी.

आणि येथेच पट्ट्याच्या कथेचा एक धागा अजून सुटा आहे. २०१९ची ती मोठी चाचणी झाली, तेथे बहुतेकांना तातडीची अँजिओप्लास्टी मिळत होती. जगातील फार मोठ्या लोकसंख्येला ती मिळत नाही. त्यांची भिस्त औषधावरच असते. अशा परिस्थितीतील एक चाचणी येलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉरिशसमध्ये केली. हिंदी महासागरातील हे तेच बेट, जेथे ब्रिटिश काळात गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज आजही नांदत आहेत. तेथे झटक्याच्या ५१९ रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध देण्यापूर्वी, काहींच्या दंडावर पट्टा पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांनी फुगवला, तर काहींच्या दंडावर तो न फुगवता नुसताच बांधला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात फुगवलेल्या पट्ट्याच्या गटात हृदयाची इजा मोजता येण्याइतकी कमी आढळली. ती मोजली होती रक्तातील ट्रोपोनिनवरून. त्यांपैकी किती जण वर्षानंतर अधिक संख्येने जगले, हे ठरवायला ५१९ हा आकडा पुरत नाही.